नजराण्यात ‘नजर’ आहे का?

पुण्यातल्या नाण्यांच्या प्रदर्शनात एका वाचकाने ‘नजराणा रुपया’ अशी पाटी पाहिली. राजाच्या नजरेस घालायचा म्हणून नजराणा, असं तिथे कुणीतरी सांगितलं. खरं का, असा त्यांचा प्रश्न.

नाही. पाहण्याची ‘नजर’ आणि भेटीची ‘नजर’ हे अरबीतले दोन वेगळे शब्द. पहिल्यात ‘ज़ोय’ हे अक्षर, दुसऱ्यात ‘ज़ाल’. भेटीच्या शब्दाचा मूळ उच्चार ‘नज़्र’, अर्थ नवस. त्यावरून वाहिलेली वस्तू, मग वरिष्ठाला दिलेली भेट. या दोन अक्षरांचा उच्चार फारसीतच एक झाला होता, मराठीत लिहिणंही एकच झालं आणि घोटाळा झाला. ‘मोहोरा नजर केल्या’ यातली नजर ही दुसरी. तिला फारसी ‘आना’ लागला (मेहनताना, शुकराना यांतला तोच) आणि आपण त्याचा ‘णा’ केला.

अर्थात चुकीच्या व्युत्पत्तीला नजराण्याचं नाणंच फूस लावतं: ते दिसतंच नजरेत भरायला घडवल्यासारखं. माझ्याकडे पुण्याच्या टाकसाळीतला एक अंकुशी (अंकुशाचं चिन्ह असलेला) रुपया आहे, चलनातला. ठसा मोठा, चकती लहान, त्यामुळे मुघल बादशहाच्या नावाची निम्मी अक्षरं काठाबाहेर गेलेली. चलनातल्या नाण्यांचं हे नेहमीचंच. जयपूरचा नजराणा रुपया शेजारी ठेवला की फरक कळतो: वजन साधारण तेवढंच, पण चांदी ठोकून पातळ आणि रुंद केलेली, सगळा मजकूर शाबूत, जयपूरच्या टाकसाळीचं झाडाचं चिन्हही पुरतं उमटलेलं. असं नाणं बाजारासाठी नव्हे, दरबारात हातावर रुमाल ठेवून पुढे करायला. पुष्कळदा राजा नुसता हात लावून ते परत करी. (आहेराच्या पाकिटांबाबत हा रिवाज आपण का नाही उचलला, कोण जाणे.)

याचं दुसरं टोक म्हणजे जहांगीरची 1613 सालची आग्र्याची हजार तोळ्यांची मोहोर, जवळपास बारा किलो सोनं! ती मात्र बादशहाने द्यायची. तेव्हा भेट खालून वर जाणारी असो की वरून खाली येणारी, संग्राहक दोन्हींना सर्रास नजराणाच म्हणतात. ‘निसार’ त्यात मिसळू नये. ती उधळायची हलकी नाणी, ओवाळून टाकल्यासारखी, आणि जहांगीरच्या निसारांवर तो शब्द छापलेलाही असतो.

पेशवाईत दत्तक मंजूर करून घ्यायलाही नजर भरावी लागे. तोच शब्द आज तहसील कचेरीत टिकून आहे. नवीन शर्तीची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) जमीन विकायची तर आधी नजराणा भरा, आणि तो कुणी हात लावून परत करत नाही.