वाचकांचे प्रश्न : चराईला घोडी ठेवायची, तर दर किती घ्यायचा?

प्रश्न : आमची चार एकर माळाची जमीन काही वर्षांपासून पडीक आहे. लागूनच वस्ती आहे, बोअरला पाणी आहे. शहरातले एक वरातीचे घोडेवाले आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत दोन घोड्या आमच्या रानात सोडू का, असं विचारतात. ते घोडीमागं महिना हजार रुपये म्हणतात. भावकीतले म्हणतात, पाच हजारांच्या खाली उतरू नको. खरा दर काढायचा कसा?
— एक वाचक, ता. गंगाखेड, जि. परभणी

उत्तर : दोन्ही आकडे अंदाजपंचे आहेत. जमिनीचं भाडं म्हणून दर काढू नका. घोडी जे गवत खाणार त्याचे आणि तुमच्या कष्टाचे पैसे घ्यायचे असतात. त्यासाठी दोन हिशेब मांडा. एक तुमचा : किती रुपयांच्या खाली गेलात तर गवत उभं विकलेलंच बरं झालं असतं? दुसरा घोडेवाल्याचा : किती रुपयांच्या वर गेलात तर त्याला घरीच कडबा टाकलेला परवडेल? रास्त दर या दोहोंच्या मध्ये बसतो.

आधी रानात गवत किती आहे ते मोजा. एक मीटर लांब-रुंद लाकडी चौकट करा. गवत पोटरीत आलं की रानात दहा ठिकाणी ती ठेवून आतलं गवत जमिनीपासून चार बोटं सोडून कापा, वाळवा आणि तोला. ओढ्याकाठच्या हिरव्यागार पट्ट्यातच दहाही चौकटी टाकल्या तर हिशेब फसतो. खडकाळ भागही त्यात आला पाहिजे. सरासरी २५० ग्रॅम भरली तर एकरी साधारण १० क्विंटल वाळलं गवत झालं. मारवेल, पवन्या असलेल्या मध्यम माळावर पाऊस बरा झाला तर एवढं धरायला हरकत नाही. नुसती कुसळ माजली असेल तर निम्मंच धरा, कारण तिला काटे आले की घोडं तोंड लावत नाही.

यातलं सगळं गवत घोडीच्या पोटात जात नाही. निम्मं रानात राहू द्यायचं, नाहीतर पुढच्या वर्षी तिथं गाजरगवत उभं राहतं. घोड्याला वरचे-खालचे दोन्ही पुढचे दात असतात, त्यामुळे ते बैलापेक्षा फार खाली, मुळापर्यंत कुरतडतं. शिवाय ज्या कोपऱ्यात लीद टाकतं तिथलं गवत खात नाही. मारवाडी किंवा काठेवाडी जातीची ३५० किलोची घोडी दिवसाला सात किलोच्या आसपास वाळल्या वजनाचं गवत खाते, तुडवून वाया जाणारं धरून रोजचे १० किलो समजा. म्हणजे महिन्याला एका घोडीला तीन क्विंटल.

तुमच्या चार एकरांत ४० क्विंटल गवत निघालं तर वापरता येणारं २० क्विंटल. दोन घोड्यांना महिन्याला सहा क्विंटल लागतात, म्हणजे गवत सव्वातीन महिने पुरतं. आषाढी ते तुळशीचं लग्न हा काळ साधारण चार महिन्यांचा आहे, तेव्हा शेवटच्या महिन्याचा चारा कोण आणणार हे आजच ठरवा. आमच्या मते आषाढीला घोड्या घेऊच नका. तेव्हा गवत कोवळं असतं, जमीन ओली असते, आणि टापांनी गवताचे ठोंबच उखडून येतात. गवत वीतभर झालं की, म्हणजे साधारण श्रावणात, घ्या. रानाचे तीन तुकडे करून दहा-बारा दिवसांनी घोड्या पुढच्या तुकड्यात न्या आणि मागच्या तुकड्यात आपले बैल सोडा. घोड्यांनी सोडलेलं गवत बैल खातात, आणि घोड्याचे बहुतेक जंत बैलाला लागत नसल्याने जंतांचा फेराही तुटतो.

आता पैसे. खालचे भाव नमुन्याचे आहेत, तुमच्या गावचे घाला. उभ्या गवताचा भाव वाळल्या वजनावर किलोला ३ रुपये धरला तर तीन क्विंटलचे ९०० रुपये. दोन वेळा पाणी, सकाळ-संध्याकाळ घोडीभोवती फिरून पाय, डोळे, लीद पाहणं, लीद उचलणं, कुंपण तपासणं यात दोन घोड्यांना मिळून रोजचा एक तास जातो. आठ तासांची मजुरी ४०० रुपये असेल तर महिन्याचे १,५०० आणि घोडीमागे ७५०. हा आकडा बहुतेक जण धरतच नाहीत, आणि घाटा तिथेच येतो. पाणी आणि वीज १०० रुपये. आश्विनातल्या उन्हात घोडी पावसाळ्यापेक्षा जास्त पाणी पिते.

उरलं कुंपण. काटेरी तार असेल तर तिच्या भरवशावर घोडं सोडू नका. बैल तारेला थांबतो. बिचकलेलं घोडं पळत जाऊन तिच्यात घुसतं आणि छाती फाडून घेतं. डुकरांसाठी लावतात तेच सोलर झटका मशीन चालतं. साधी तार दोन पदरी, एक अडीच फुटांवर आणि एक चार फुटांवर, आणि दर दहा-बारा फुटांवर पांढऱ्या कापडाची चिंधी, म्हणजे घोड्याला तार दिसते. चौकोनी चार एकरांचा घेर ५१० मीटरच्या आसपास येतो, म्हणजे तार हजार मीटरहून थोडी जास्त लागेल. घरगुती लाइनचा करंट थेट तारेत सोडणं म्हणजे माणूस मारण्याचा धंदा आहे. मशीन, तार, खांब मिळून २४,००० रुपये गेले आणि ते पाच हंगाम टिकले, हंगामाचे, घोडेवाला म्हणतो तसे, चार महिने धरले (श्रावणात घेतल्या तर महिने कमी होतात आणि हा आकडा थोडा वाढतो), तर २० महिने, दोन घोड्या, म्हणजे घोडीमागे महिन्याला ६०० रुपये.

बेरीज २,३५०. त्यावर जोखमीचे आणि डोकेदुखीचे १५ टक्के घातले की साधारण २,७००. हा तुमचा तळ.

घोडेवाल्याचा हिशेब त्याच्या बाजूने मांडा. घरी ठेवली तर महिन्याला २३० किलो चारा, किलोला ८ रुपयांनी १,८५० च्या आसपास. राखणदाराच्या वेळेचे २,०००, जागेचे ५००. एकूण ४,३५०. यातून टेम्पोचा खर्च वजा करा : नेण्या-आणण्याचे ३,००० रुपये, दोन घोड्या, चार महिने, म्हणजे घोडीमागे महिना ३७५. उरले ३,९७५. म्हणून तुमचा सौदा २,७०० आणि ४,००० यांच्या मध्ये कुठेतरी ठरेल. ३,२०० ते ३,३०० मागणं आम्हाला रास्त वाटतं. हजार रुपयांत गवताचे पैसे निघतात आणि तुमची मजुरी फुकट जाते. पाच हजार म्हटलं तर तो घोड्या आणणारच नाही.

नाल, खूर कापणं (सहा ते आठ आठवड्यांनी लागतं), जंताचं औषध, डॉक्टर आणि चंदी (हरभऱ्याचा खुराक) या दरात धरू नका. चंदी तर मालकानेच पोत्याने आणून द्यावी. हरभऱ्याचा भाव हलला की तुमचा नफा जातो, आणि पोटशूळ झाला की बोट तुमच्याकडे दाखवलं जातं. बसून असलेल्या घोडीला चांगल्या गवतावर चंदी फारशी लागतही नाही. मिठाचा खडा मात्र ठेवा. दर जनावरागणिक लावा, एकरावर नको. अंगावर पिणाऱ्या शिंगराचे सहा महिन्यांपर्यंत वेगळे पैसे लावू नयेत. दूध तोडलं की निम्मा दर लावा. वळू घोडा या कुंपणात घेऊच नका.

काळ्या मातीचा तुकडा असेल तर कोपऱ्यात मुरमाचा एक कोरडा ओटा हवा. सतत चिखलात उभं राहून खुराच्या तळाचा मऊ भाग (बाहुली) सडतो, काळा पू येतो, वास सुटतो. मुरूम टाकणं तुमचं काम आहे, तेव्हा तो खर्च वर कुंपणाबरोबर धरा.

प्रश्न : ठेवायला घेतलेलं घोडं दगावलं किंवा मालकाने पैसेच दिले नाहीत तर काय? स्टॅम्पवर लिहून घ्यावं का?
— एक वाचक, ता. अंबड, जि. जालना

उत्तर : जरूर लिहून घ्या. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली की शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेतो तेवढी घ्यावी, असं भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १५१ सांगतं. तेवढी घेतली असेल आणि तरी नुकसान झालं तर, वेगळा करार नसेल तेव्हा, कलम १५२ प्रमाणे जबाबदारी येत नाही. भांडण होतं ते काळजी घेतली होती का यावर. म्हणून घोडं उतरवून घेताना दोन्ही बाजूंचे, चारही पायांचे आणि असलेल्या प्रत्येक जखमेचे फोटो मालकासमोर काढा, आणि रोजची पाहणी वहीत एका ओळीत लिहा.

करारात हे असू द्या : रंग, भोवरे, खुणा, वय; महिन्याचा दर आगाऊ, आणि एक महिन्याचं डिपॉझिट; चारा संपला तर कोण आणणार; मालकाचा फोन लागला नाही तर किती रुपयांपर्यंतचा डॉक्टर तुम्ही त्याच्या खर्चाने बोलवायचा. हे शेवटचं कलम सगळ्यात जास्त कामाला येतं. घोड्याला ओकारी होत नाही. पोटशूळ झालेलं घोडं कुशीकडे बघतं, पाय झाडतं, लोळतं. तेव्हा परवानगीची वाट बघत बसायला वेळ नसतो.

थकबाकीसाठी घोडं अडवून ठेवण्याचा हक्क आपोआप मिळतो असं समजू नका. तो हवा असेल तर करारात शब्दांत लिहा आणि वकिलाला एकदा दाखवा. घोडी तुमच्याकडे असताना व्याली तर शिंगरू मालकाचंच. वेगळा करार नसेल तर कलम १६३ तसंच सांगतं.

प्रश्न : ज्वारी, सोयाबीन निघाल्यावर मोकळ्या रानात घोडे सोडून थोडे पैसे मिळवता येतील का?
— एक वाचक, ता. उदगीर, जि. लातूर

उत्तर : ज्वारीच्या खोडव्याला आलेल्या फुटव्यांत नको. ज्या विषाने गुरांना किराळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) लागतं तेच त्यात असतं. घोड्याला ते बरेच दिवस मिळत राहिलं तर मागचे पाय लुळे पडतात आणि लघवी ठिबकत राहते. असं घोडं क्वचितच पूर्ण बरं होतं. सोयाबीनच्या रानात धोका सांडलेल्या दाण्यांचा असतो. एका रात्रीत घोडं पोटभर दाणे वेचतं, मग पोट फुगतं आणि एक-दोन दिवसांत खुरांच्या आत दाह होऊन ते पाऊल टाकेनासं होतं. आधी शेळ्या फिरवून दाणे वेचून घ्या, आणि घोड्यांना गवत खायला घालून रोज तासा-दोन तासांसाठीच सोडा. बांधावरची एरंडी आणि वस्तीजवळची कण्हेर आधी तोडून लांब टाका. दोन्ही घोड्याला जीवघेणी आहेत. गुरांची किंवा कोंबड्यांची तयार पेंड कधीच घालू नका. काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गुरांना चालतं तेवढ्या प्रमाणातही घोडं हृदय बंद पडून मरू शकतं.

प्रश्न : गावच्या गायरानात बाहेरचे घोडे चारून मालकाकडून पैसे घेतले तर चालेल का?
— एक वाचक, ता. केज, जि. बीड

उत्तर : नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे मोफत चराईसाठी राखलेल्या जमिनीवर चारण्याचा हक्क त्या त्या गावच्या जनावरांपुरता असतो. त्यावर तुम्ही खासगीत दर लावू शकत नाही.

प्रश्न : माळेगावच्या खंडोबा यात्रेला जाणारे-येणारे घोडेवाले दोन-चार रात्रींसाठी जागा मागतात. महिन्याच्या दराला तीसने भागून घ्यावं का?
— एक वाचक, ता. लोहा, जि. नांदेड

उत्तर : भागून घेतलंत तर तोट्यात जाल. मार्गशीर्षात माळ वाळलेला असतो, म्हणजे विकण्यासारखं गवत नसतं. तुम्ही देता ती जागा, पाणी आणि राखण, आणि त्यासाठी लागणारा वेळ दोन रात्रींनाही तेवढाच लागतो. मुक्कामाचा ठोक दर घोड्यामागे वेगळा लावा, आणि चारा काट्यावर तोलून विका. कडबा पेंडीच्या हिशेबाने देऊ नका. पेंडी कधी दीड किलोची भरते, कधी अडीच. बुरशी लागलेला कडबा फुकटही देऊ नका.

तुमच्याकडे महिन्यावर ठेवलेली घोडी असेल तर यात्रेच्या घोड्यांना तिच्याजवळ बांधू नका. ग्लँडर्स हा रोग नाकातल्या शेंबडातून, एकाच हौदातल्या पाण्यातून पसरतो, माणसालाही होतो, आणि पक्क्या निदानानंतर घोडं सरकारी आदेशाने मारावं लागतं. उतरणाऱ्या प्रत्येकाकडून ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा अलीकडचा कागद मागा. ही तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडून होते, आणि नमुना पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पाठवता येतो. कागद नसेल तर जागा देऊ नका. पाण्याला प्रत्येकाची वेगळी बादली, खरारा आणि तोबरा ज्याचा त्याचा. यात्रेतून घेतलेलं घोडं तुमच्याकडे मुक्कामाला राहणार असेल तर तीन आठवडे त्याला वस्तीच्या दुसऱ्या टोकाला बांधा, आणि त्या वेगळ्या राखणीचे पैसे आधीच सांगून दरात धरा.