चौदाव्या वर्षी बास्केटबॉल : उशीर झाला का?

प्रश्न : ताई, माझा मुलगा लहानपणापासून पोहायचा. खांदा दुखावल्याने ते सुटलं आणि आता चौदाव्या वर्षी त्याला बास्केटबॉलचं वेड लागलंय. सगळे म्हणतात, उशीर झाला. तो मात्र टिम डंकनचं नाव पुढे करतो. हा खरंच एवढा मोठा खेळाडू होता का? – एक आई, दादर

उत्तर : पोरानं माणूस अगदी बरोबर निवडलाय! डंकनही पोहणाराच. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटावरचा. त्याची बहीण १९८८च्या ऑलिम्पिकमध्ये पोहली होती, यालाही तिथवर जायचं होतं. १९८९मध्ये ह्यूगो चक्रीवादळानं बेटावरचा पोहण्याचा मोठा तलाव उद्ध्वस्त केला. समुद्रात सराव करायचा तर याला शार्कची धास्ती. पुढच्याच वर्षी, त्याच्या चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आई कॅन्सरनं गेली. बास्केटबॉल हातात आला तो त्यानंतर.

मोठा किती? एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, एकाच संघात, सॅन अँटोनिओ स्पर्समध्ये, १९ हंगाम आणि ५ अजिंक्यपदं. २००३च्या अंतिम मालिकेतल्या शेवटच्या सामन्यात त्यानं २१ गुण, २० रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं), १० असिस्ट (बास्केट करून देणारे पास) आणि ८ ब्लॉक (समोरच्याचा शॉट अडवणं) केले. आणखी दोन ब्लॉक मिळाले असते तर चारही रकाने दोन आकडी झाले असते. अंतिम मालिकेत असं कुणालाच जमलेलं नाही. उंची ६ फूट ११ इंच, ती काही शिकवून येत नाही, ते सोडा.

शिकण्यासारखा आहे त्याचा बँक शॉट. रिंगच्या डाव्या बाजूनं, तिरक्या कोनातून, रिंगमागच्या बोर्डावरच्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्याजवळ चेंडू लावायचा. बोर्डाला लागून वेग मरतो आणि चेंडू अलगद रिंगमध्ये उतरतो. दिसायला अगदी बेचव. नागपाड्यापासून माटुंग्यापर्यंत कुठल्याही कोर्टवर जा, पोरं लांबून थ्री-पॉइंटर (तीन गुणांचे शॉट) मारत असतात. बोर्ड वापरणारा क्वचितच. एनबीएतलाच दुसरा दिग्गज शॅकिल ओनील, त्यानं डंकनला ‘बिग फंडामेंटल’ हे नाव दिलं ते या साधेपणामुळेच. मुलांना दाखवायला मला तो मायकल जॉर्डनपेक्षा उपयोगी वाटतो. जॉर्डनचं पाहून पोरं नुसत्या उड्या मारतात, डंकनचं पाहून पाय कुठे ठेवायचे ते बघतात.

तेव्हा खुशाल खेळू द्या. पोहण्यानं कमावलेला दम कामाला येईल. खांदा मात्र आधी डॉक्टरांना दाखवा, शूटिंगचा भार त्याच्यावरही येतो. आणि पहिलं वर्षभर फूटवर्क, लेअप (रिंगजवळ जाऊन अलगद टाकलेला शॉट), पास एवढंच. मॅचची घाई नको.

एक गोष्ट तुमच्या कामाची. डंकनला कॉलेज अर्धवट सोडून एनबीएमध्ये जाता आलं असतं. पण पदवी पूर्ण करीन, असा शब्द त्यानं आईला दिला होता. चार वर्षं शिकून, मानसशास्त्राची पदवी घेऊनच तो १९९७मध्ये व्यावसायिक खेळाडू झाला. दहावीच्या अभ्यासावरून घरात वाजलं की हे त्याला ऐकवा. चिरंजीवांनी एवढाच भाग तुम्हाला सांगितलेला नसणार.