बारा आठवडे आणि चार संकल्प: वेळापत्रकाच्या आधी तासांचा हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुनी नोकरी सुटली आहे, नवी सुरू व्हायला १२ आठवडे आहेत आणि रोज ५ तास मोकळे आहेत. एवढ्यात १२ किलो वजन उतरवायचंय, न थांबता १० किलोमीटर धावायचंय, स्पॅनिश बोलता यायला हवीय आणि कित्येक वर्षं डोक्यात घोळणारी कादंबरीही लिहून काढायचीय. यासाठी दिवसाचं वेळापत्रक कसं आखावं, असं तुम्ही विचारलंय.

वेळापत्रकाकडे नंतर येते, कारण या यादीला कुठलंच वेळापत्रक पुरणार नाही. शेवटची तारीख तुमच्या हातात नाही. हातात आहे ते ध्येयाचं माप. ते पहिल्या आठवड्यात कमी केलंत तर काहीच बिघडत नाही. अकराव्या आठवड्यात कमी करायची वेळ आली, तर तोवर चार ठिकाणी थोडं थोडं काम झालेलं असतं आणि त्यातलं एकही पूर्ण व्हायच्या बेतात नसतं. एक ना धड, भाराभर चिंध्या.

आता हिशोब. १२ आठवडे म्हणजे ८४ दिवस, रोज ५ तास, म्हणजे कागदावर ४२० तास. यातून आठवड्याची एक सुट्टी काढा, ती तुम्ही घेणारच आहात. उरले ७२ दिवस. ताप, पाहुणे, नव्या नोकरीची कागदपत्रं, कुणाचं तरी अचानक निघालेलं काम यांसाठी १० दिवस बाजूला ठेवा. उरले ६२. आणि मोकळ्या ५ तासांतले खरोखर कामी येणारे किती? माझ्या अनुभवात तीन, तेही घरच्यांनी साथ दिली तर. म्हणजे १८६ तास. तुमच्याकडे असलेली पुंजी ही एवढीच.

हा आकडा फार निराशावादी वाटला असेल तर एक प्रयोग सांगते. माणसं स्वतःच्या कामाला लागणारा वेळ हटकून कमी धरतात, ही प्रवृत्ती मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि अमोस ट्वेर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडली. पुढे १९९४ मध्ये रॉजर ब्युलर आणि सहकाऱ्यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, की काम कधी संपेल? त्यांचा सरासरी अंदाज होता सुमारे ३४ दिवसांचा. सगळं अगदी वाईटच घडलं तर किती लागतील, यावर उत्तर आलं सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५! स्वतः कल्पना केलेल्या वाइटाच्याही पलीकडे. गंमत म्हणजे दुसऱ्याच्या कामाचा अंदाज आपण इतका चुकवत नाही, कारण दुसऱ्याच्या बाबतीत आपण त्याची मागची कामं आठवतो आणि स्वतःच्या बाबतीत पुढची स्वप्नं बघतो. म्हणून तुमच्या जागी तुमचा भाऊ किंवा मैत्रीण आहे असं समजून यादी पुन्हा वाचा. त्यांना काय सांगाल?

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुमची चारही ध्येयं एका जातीची नाहीत. काही ध्येयं तास खातात: जितका वेळ बसाल तितकं काम पुढे सरकतं. काही ध्येयं दिवस खातात: तुम्ही रोज दहा तास दिलेत तरी शरीर आपल्याच गतीने चालतं. एकाच जातीची दोन ध्येयं एका मुदतीत कोंबली की ती एकमेकांच्या मुळावर येतात. दोन जातींतलं एकेक घेतलं, तर बहुधा निभतं.

कादंबरी तास खाणारी. ३० दिवसांत ५०,००० शब्द लिहायचा जो उपक्रम १९९९ मध्ये सुरू झाला आणि जगभर पसरला, त्यात रोजचे १,६६७ शब्द पडायचे. तासाला ५०० शब्दांचा वेग धरला तर ५०,००० शब्दांना १०० तास, तेही न खोडता लिहिलेला पहिला खर्डा. फेरलेखन वेगळं. म्हणजे १८६ मधले निम्म्याहून अधिक तास इथेच गेले.

स्पॅनिशही मुख्यतः तास खाणारीच. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना कामकाजापुरती स्पॅनिश यायला सुमारे ५५० ते ६९० तासांचे वर्ग लागतात असं धरते, आणि हा हिशोब इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांचा, पूर्णवेळ शिकणाऱ्यांचा आहे. ते तुमच्या आवाक्यात नाही. पण भाषा किती येते हे मोजणाऱ्या युरोपीय पातळ्यांमधली ए२, म्हणजे ओळख, घरदार, कालचा दिवस, उद्याचा बेत, रस्ता विचारणं एवढं मोडकंतोडकं पण समोरच्याला समजेल असं बोलणं, त्याला केंब्रिजच्या इंग्रजी परीक्षांचा ढोबळ अंदाज १८० ते २०० तासांचा आहे. स्पॅनिशलाही साधारण तेवढेच धरा. म्हणजे तुमची जवळजवळ सगळी पुंजी. भाषेची आणखी एक अडचण आहे: रविवारी सलग आठ तास बसून आठवड्याची कसर भरून निघत नाही. मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं, की तेवढंच पाठांतर दिवसांत विभागून केलं तर कमी फेऱ्यांत पक्कं होतं. तेव्हा भाषा निवडलीत तर तिला रोजचा हप्ता द्यावा लागेल.

थोडक्यात, स्पॅनिश आणि कादंबरी यांतलं एकच घ्या. दुसरं या १२ आठवड्यांपुरतं पूर्ण बंद. 'वेळ मिळाला तर थोडं थोडं' हा प्रकार नको, कारण पहिलं काम कंटाळवाणं झालं की मन नेमकं तिकडेच पळतं आणि तेही काम केल्यासारखंच वाटतं.

धावणं दिवस खाणारं. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेची नवशिक्यांसाठीची प्रसिद्ध योजना ९ आठवड्यांची आहे, आठवड्यातून तीन दिवस, आणि तिच्या शेवटी माणूस न थांबता अर्धा तास, म्हणजे साधारण ५ किलोमीटर धावतो. आज तुम्ही अजिबात धावत नसाल तर १२ आठवड्यांत १० किलोमीटर ही ओढाताण आहे. दम लवकर सुधारतो, हाडं आणि स्नायुबंध मागाहून सावकाश तयार होतात. चौथ्या-पाचव्या आठवड्यात श्वास छान चालतो, जोर येतो, माणूस अंतर वाढवतो आणि नडगी धरून बसतो. ५ किलोमीटर हे ध्येय ठेवा. आत्ताच ५ धावत असाल तर मात्र १० खुशाल ठेवा. या कामाला आठवड्याचे दोन-अडीच तासच लागतात, म्हणून ते स्पॅनिश किंवा कादंबरीच्या जोडीला चालतं. शिवाय डोकं शिणल्यावर शरीराला काम मिळतं. गुडघ्याचं किंवा हृदयाचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, हे वेगळं सांगायला नकोच.

वजनाचं १२ किलो हे ध्येय मी यादीतून काढूनच टाकेन. आठवड्याला अर्धा ते एक किलो ही सर्वसाधारणपणे सुरक्षित मानली जाणारी गती, म्हणजे १२ किलो हे १२ आठवड्यांचं कमाल टोक झालं, एकही आठवडा न चुकवता. पहिल्या आठवड्यात काटा भराभर उतरतो तो बराचसा पाण्यामुळे. शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा घटतो आणि त्याच्याबरोबर धरून ठेवलेलं पाणी जातं. तो वेग पुढे टिकत नाही आणि मग नाउमेद व्हायला होतं. त्यातून खाणं फार तोडलंत तर धावणं आणि अभ्यास दोन्ही बसतील. धावण्याने आणि वेळेवर खाण्याने जे उतरेल ते उतरू दे, रोज काट्यावर उभं राहू नका.

आता निवडलेल्या ध्येयाचं शेवटचं टोक पक्कं करा. 'स्पॅनिश बोलता येणं' याला टोक नाही. 'अमुक तारखेला स्पॅनिश मातृभाषा असलेल्या माणसाशी २० मिनिटं, दुसऱ्या भाषेचा आधार न घेता बोलणं' याला आहे. ते संभाषण आजच ठरवून टाका, शिकवणी लावली असेल तर शिक्षकांशीच ठरवा. कादंबरी असेल तर 'अमुक तारखेला सुरुवात, मध्य, शेवट असलेला पूर्ण खर्डा एका विश्वासातल्या वाचकाच्या हातात'. धावण्याचं टोक तर सरळ आहे.

मधल्या तारखाही हव्यात. डॅन एरिअली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुद्रितशोधनाचं तेच काम तीन गटांना दिलं होतं. एकाला ठरावीक अंतराने मुदती, एकाला स्वतः ठरवलेल्या, एकाला फक्त शेवटची. सगळ्यात चांगलं काम पहिल्या गटाचं झालं आणि सगळ्यात वाईट शेवटच्याचं. स्वतः ठरवलेल्या मुदती मधेच कुठेतरी, कारण माणूस स्वतःला झुकतं माप देतो. म्हणून तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या आठवड्याअखेरच्या तारखा दुसऱ्या कुणाकडून ठरवून घ्या आणि त्या दिवशी त्यांना काहीतरी दाखवायचंच असं ठेवा.

यातली तिसऱ्या आठवड्याची तारीख खरी. पहिले तीन आठवडे रोज फक्त दोन गोष्टी टिपा: किती मिनिटं बसलात आणि त्यातून काय निघालं. किती पानं, किती शब्द, किती वेळ बोलणं. त्या संध्याकाळी बेरीज करून चारने गुणा. बारा आठवड्यांत तुमच्याकडून एवढंच होणार आहे. पुढे वेग वाढेल असं धरू नका. सुरुवातीचा उत्साह ओसरला की उलट मधल्या आठवड्यांत वेग उतरतोच, कारण तेव्हा सुरुवातही लांब राहिलेली असते आणि शेवटही दिसत नसतो. गुणाकार ध्येयापेक्षा कमी आला तर त्याच बैठकीत ध्येय कापा. कादंबरी ५०,००० ऐवजी ३५,००० शब्दांची करा, उपकथानक काढा. स्पॅनिशमधून भविष्यकाळाची रूपं सोडा, 'जाणार आहे' या साध्या रचनेवर भागवा. काटछाट आशयात करा, रोजच्या बैठकीत नाही.

वेळापत्रकाबद्दल मला फार सांगायचं नाही. सकाळ की रात्र यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, त्यात अर्थ नाही. उपयोग होतो तो 'अमुक झालं की तमुक' अशा जोडणीचा. पेटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगात सुट्टीत एक अहवाल लिहून पाठवायचा होता. कधी आणि कुठे बसून लिहिणार हे आधी ठरवणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांनी तो मुदतीत पाठवला, न ठरवणाऱ्यांपैकी जेमतेम एक तृतीयांशांनी. तेव्हा 'रोज दोन तास स्पॅनिश' असं न लिहिता 'आंघोळ झाली की खिडकीजवळच्या टेबलावर, फोन दुसऱ्या खोलीत' असं लिहा.

एखादा दिवस चुकेलच. २१ दिवसांत सवय लागते हे तुम्ही कुठेतरी ऐकलं असेल. ते मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनचं १९६० मधलं निरीक्षण, आणि तेही रुग्णांना बदललेला चेहरा अंगवळणी पडायला किमान एवढे दिवस लागतात अशा स्वरूपाचं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या २०१० च्या अभ्यासात साधी सवय अंगी मुरायला मधला आकडा ६६ दिवसांचा आला, आणि माणसागणिक फरक १८ ते २५४ दिवसांचा. म्हणजे १२ आठवड्यांत सवय लागेलच असं नाही, बहुतेक दिवस मनाविरुद्ध बसावं लागेल हे धरून चला. त्याच अभ्यासातली दिलासा देणारी गोष्ट अशी, की एखादा दिवस चुकल्याने विशेष फरक पडला नाही. चुकलेला दिवस सोडून द्या. दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका, धावण्यात तर मुळीच नको. त्यासाठीच ते १० दिवस आधी वजा केले आहेत.

शेवटच्या आठवड्यात नवीन काही शिकू नका. जे येतं तेच बोलत राहा, खर्ड्यातली भोकं बुजवा, धावण्याचं अंतर थोडं कमी करा आणि झोप पुरी घ्या. नव्या नोकरीच्या तयारीने हा आठवडा तसाही अर्धा खाल्लेला असेल.

स्पॅनिश की कादंबरी, हे मी सांगू शकत नाही. एक प्रश्न मात्र विचारून बघा: नोकरी सुरू झाल्यावर रोज अर्ध्या तासात यांतलं कुठलं काम पुढे नेता येईल? भाषा नेता येते. कादंबरीचा पहिला खर्डा अर्ध्या तासाच्या तुकड्यांत पुरा करणारे मी फार थोडे पाहिलेत. तुमच्या जागी मी असते तर सलग मोकळा वेळ कादंबरीला दिला असता. काय ठरतंय ते कळवा, आणि तिसऱ्या आठवड्याची बेरीजही. पुढची काटछाट मिळून करू.