पीएच.डी.साठी शेत गहाण टाकू नका

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातला शेतकरी. मुलगी नांदेडला एमएस्सी मायक्रोबायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लहानपणी सोयाबीन उपटून मुळांवरच्या गाठी नखानं फोडून बघायची, तिथून तिला हे वेड लागलं. आता मातीतल्या जिवाणूंवर पीएच.डी. करायची म्हणते, पुढे परदेशात पोस्टडॉक. एका एजंटानं इंग्लंडमध्ये आणखी एक वर्षाचं एमएस्सी सुचवलंय, खर्च तीस लाख. दोन एकर गहाण टाकावं लागेल. पाहुणे म्हणतात, डीएमएलटी करून तपासणीची लॅब टाकून द्या आणि लग्न उरका. काय करावं?

उत्तर :
स.न.वि.वि.

आधी शेताचं बोलते, कारण तुमच्या पत्रातली तीच ओळ मला टोचली. गहाण टाकू नका. मायक्रोबायॉलॉजीत पीएच.डी. करणारा विद्यार्थी पैसे घालवत नाही, त्याला पैसे मिळतात. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप मिळाली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफ म्हणजे सीनियर फेलोशिप झाल्यावर ४२,०००, वर घरभाडं. जानेवारी २०२३ पासूनचे हे दर आहेत. विद्यापीठाची फी असते, पण ती यातून भागते. नेदरलँड्स, डेन्मार्कमध्ये तर पीएच.डी. ही रीतसर नोकरी असते. करारपत्र, पगार, रजा सगळं. तुमच्या लेकीकडे वर्षभरात एमएस्सी असेलच. तीच पदवी कर्ज काढून दुसऱ्यांदा घ्यायचं तिला काही कारण नाही.

पाहुण्यांचंही ऐकून घेतलं. डीएमएलटीचं काम चांगलं आहे, गावाला त्याची गरजही आहे. पण रुग्णाच्या नमुन्यात ओळखीचा जंतू आहे का हे तपासणं वेगळं, आणि ज्याला अजून नावही नाही असा जीव मातीतून काढून वाढवणं वेगळं. तुमची मुलगी दुसऱ्या कामासाठी हट्ट धरतेय, आणि त्या गाठींची आठवण वाचून मला वाटतं तिचा हट्ट खरा आहे.

ती गाठ फोडल्यावर आत गुलाबी दिसायची ना? तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. हवेतला नत्र पकडणारं जिवाणूचं एन्झाइम ऑक्सिजन लागला की निकामी होतं, पण त्याच जिवाणूला श्वासासाठी ऑक्सिजन हवा असतो. ही दोन्ही टोकं ते प्रथिन सांभाळतं. बायरिंक या डच शास्त्रज्ञानं १८८८ मध्ये गाठींतले जिवाणू वेगळे काढले, तरी प्रश्न संपलेले नाहीत. तुम्ही पेरणीआधी बियाण्याला रायझोबियमचं, म्हणजे याच गाठी करणाऱ्या जिवाणूंचं, पाकीट लावत असाल. एका रानात त्याचा गुण येतो, शेजारच्या रानात येत नाही. तिथे आधीपासून मुरलेले जिवाणू पाकिटातल्या नव्यांना गाठीत शिरूच देत नाहीत. त्यांना मागे सारायचं कसं, यावर अजून काम चालू आहे. गहू-ज्वारीला गाठी का येत नाहीत आणि कधी आणता येतील का, हा त्याहून मोठा प्रश्न. डेन्मार्कमध्ये आरहुसला, इंग्लंडमध्ये नॉरिच आणि केंब्रिजला यावर मोठे गट काम करतात. तुमच्या बांधावरचा प्रश्न तिथेही प्रश्नच आहे, हे मुलीला जरूर सांगा.

आता परीक्षांचं. सीएसआयआर-यूजीसी नेट वर्षातून दोनदा होते आणि एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच देता येते. लाइफ सायन्सेसचा पेपर २०० गुणांचा. त्यातले १०० गुण 'सी' भागाला, आणि तिथे ७५ प्रश्नांतून फक्त २५ सोडवायचे असतात. मायक्रोची मुलं इथे एक चूक करतात. वनस्पतींचं शरीरशास्त्र, परिसंस्था, उत्क्रांती आपल्याला नव्हतं म्हणून घाबरतात आणि सगळंच थोडं थोडं वाचत बसतात. 'सी' भागाला खोली लागते. रेण्वीय जीवशास्त्र, पेशी, प्रतिकारशास्त्र आणि प्रयोगतंत्रं हे तिचे घरचे विषय, ते पक्के करावेत आणि परिसंस्थेची त्यात भर घालावी, मातीवर काम करायचं तर ती लागणारच आहे. नेटच्या जोडीला गेट, डीबीटीची म्हणजे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची बेट आणि आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेची जेआरएफ परीक्षाही द्यावी. जेआरएफ थोडक्यात हुकली तरी नुसत्या पीएच.डी. प्रवेशासाठीची पात्रता नेटमधूनच मिळू शकते. मग तुमच्या प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी, महाज्योती किंवा टीआरटीआय या राज्य सरकारच्या संस्थांची फेलोशिप बघा. त्यांच्या जाहिराती येतात आणि मुदत संपूनही जाते, गावाकडच्या मुलांना पत्ताच लागत नाही.

पण परीक्षेहून महत्त्वाचं मला जे सांगायचंय ते असं. एमएस्सी झाल्या झाल्या पीएच.डी.ला नाव घालू नका. एक वर्ष तिला एखाद्या संशोधन प्रकल्पावर काम करू द्या. प्रोजेक्ट असिस्टंट किंवा प्रोजेक्ट असोसिएट अशी पदं निघतात, मानधन बहुधा जेआरएफपेक्षा कमी, पण घरून पैसे मागवावे लागत नाहीत. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला प्लेटवर जिवाणूंची वाढ येणारच असते. खऱ्या लॅबमध्ये तीन महिने काहीच वाढत नाही, मग एक दिवस दूषित कल्चर वाढतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे सोसतं का, इतकंच नव्हे तर हे आवडतं का, ते या एका वर्षात कळतं.

अशी कामं आपल्याकडेच खूप आहेत. पुण्यात एनसीएमआर हा देशाचा सूक्ष्मजीवांचा मोठा साठा आहे. नव्या जिवाणूला शास्त्रमान्य नाव द्यायचं तर तो दोन वेगळ्या देशांतल्या दोन साठ्यांत जमा करावा लागतो, त्यामुळे असल्या ठिकाणी जगभरच्या कामाशी रोजचा संबंध येतो. पुण्यातच एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उद्योगाला लागणाऱ्या जिवाणूंचा संग्रह आहे आणि आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा. लोणारचं पाणी २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं, तेव्हा ते हॅलोआर्किया या मीठ सोसणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे झालं हे आघारकरनंच दाखवलं. भातखाचरातला मिथेन खाणाऱ्या जिवाणूंवरही तिथे काम होतं. नागपूरला पर्यावरणावर काम करणारी नीरी, गोव्यात दोना पावलाला समुद्रविज्ञान संस्था, चंदीगडला सूक्ष्मजीवांवर काम करणारी इमटेक. इंदूरला सोयाबीनवरच संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे, तिच्या जाहिराती तिनं आवर्जून बघाव्यात. एक लक्षात ठेवा, कृषी विद्यापीठांत पीएच.डी.ला बहुधा कृषी पदवी मागतात. प्रकल्पावरच्या पदांना ही अट नेहमी नसते.

या वर्षात गाईडही निवडायचा. मी स्वतः संस्थेचं नाव बघून पीएच.डी.ला गेले होते. गाईड महिन्यातून एकदा भेटायचे, प्रश्न त्यांचा होता, माझा कधी झालाच नाही. दोन वर्षांनी सगळं सोडून दुसऱ्या, लहान लॅबमध्ये पहिल्यापासून सुरुवात केली. ती दोन वर्षं तुमच्या मुलीची जाऊ नयेत म्हणून लिहिते. गाईडचे मागच्या चार-पाच वर्षांतले शोधनिबंध काढून बघावेत आणि पहिलं नाव विद्यार्थ्यांचं आहे का ते पाहावं. लॅबमधल्या दोन विद्यार्थ्यांशी गाईड समोर नसताना बोलावं. आधीच्यांना किती वर्षं लागली, ते आता कुठे आहेत, रसायनं वेळेवर येतात का, आजारी पडलं तर काय, हे बिनधास्त विचारावं. गाईडला मेल लिहिताना 'मी कष्टाळू आहे' असं लिहू नये. त्यांचा एक निबंध वाचून त्यातला एक प्रश्न विचारावा. सोयाबीनच्या गाठींवरचा प्रश्न तर तिच्याकडे लहानपणापासून आहे.

परदेशात जायचंच असेल तर दोन टप्प्यांवर जाता येतं. पीएच.डी.ला जायचं असेल तर युरोपातली पदं युरॅक्सेस या संकेतस्थळावर आणि नेदरलँड्सची अकॅडेमिकट्रान्सफर या संकेतस्थळावर जाहीर होतात. अर्ज नोकरीसारखा असतो. अमेरिकेत बहुतेक अर्ज डिसेंबरपर्यंत जातात, फी माफ होते आणि वर स्टायपेंड मिळतो. पोस्टडॉक म्हणजे पीएच.डी.नंतर दुसऱ्याच्या लॅबमध्ये, पण आता आपल्या जोरावर केलेलं काम. युरोपची मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी फेलोशिप पीएच.डी.पासून आठ वर्षांच्या आत घ्यावी लागते, आणि ज्या देशात जायचं तिथे मागच्या तीन वर्षांत बारा महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. देशातच थांबायचं असेल तर राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप आहे, किंवा प्रकल्पावर रिसर्च असोसिएट होता येतं, महिना ५८,००० पासून पुढे. बाहेरून परतणाऱ्यांसाठी डीबीटीची रामलिंगस्वामी फेलोशिप आहे.

यासाठी एक तयारी आत्तापासून हवी. मातीतले बहुसंख्य जीव प्लेटवर वाढतच नाहीत, त्यांचा फक्त डीएनए वाचता येतो. तो वाचायला संगणक लागतो, लिनक्स ही प्रणाली, आर आणि थोडं पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषा. मात्र हट्टी जीव हातानं वाढवणारी माणसं कमी आहेत, म्हणून दोन्ही येणाऱ्याला लॅबा शोधत असतात.

काळाचा हिशेबही सरळ सांगते. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं, पोस्टडॉकला दोन ते चार. कायमच्या प्राध्यापकीच्या जागा थोड्या, त्यासाठी वाट बघावी लागते. जैविक खतं, लस आणि बियाणं कंपन्यांतही ही माणसं घेतात, आणि तिथे जाणं म्हणजे हरणं नव्हे. लग्नाचं तिच्याशी बोला, ती म्हणेल तेव्हा करा. लग्नानंतर पीएच.डी. पूर्ण केलेल्या कित्येक जणी मी बघितल्या आहेत. घरच्यांनी पहिली दोन वर्षं नुसतं 'कधी संपणार' विचारायचं थांबवलं, तरी त्यांना पुष्कळ आधार झाला होता.

तिच्या डिझर्टेशनचा विषय तुम्ही लिहिलेला नाही. तो तिला तिच्या शब्दांत, मराठीतून, दहा ओळींत लिहून पाठवायला सांगा. प्रयोग कुठे अडला तेही लिहू दे. मग कोणत्या लॅबला आधी मेल करायचा ते मी कळवते.