मृणाल गोरे यांना ‘पाणीवाली बाई’ का म्हणत?

गोरेगावच्या वस्त्यांना नळाचं पाणी मिळावं म्हणून त्यांनी महापालिकेशी वर्षानुवर्षं भांडण केलं, म्हणून. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेवर निवडून आल्या. तेव्हा उपनगरांत पाण्याची बोंब होती, आणि पाण्यासाठी हंडे-कळशा घेऊन रांगेत उभं राहणं बायकांच्याच वाट्याला. त्यामुळे मोर्चेही बायकांचेच निघाले. रिकामे हंडे हेच निशाण! नाव लोकांनी दिलं आणि ते चिकटलं. १९७२ मध्ये त्या आमदार झाल्या. १९७७ ला लोकसभेवर गेल्या आणि त्याच निवडणुकीत इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या, तेव्हा ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा गाजली. (मुंबईकरांच्या तिरकसपणाला तोड नाही.)

फक्त एक लक्षात ठेवा: महागाईविरोधातला लाटणे मोर्चा बरेच जण एकट्या मृणालताईंच्या नावावर टाकतात, ते बरोबर नाही. तो मोर्चा काढणाऱ्या महिलांच्या समितीत कम्युनिस्ट नेत्या अहिल्या रांगणेकर होत्या, वेगवेगळ्या पक्षांच्या इतर बायकाही होत्या. पाण्याची ओळख मात्र खास मृणालताईंचीच.