वाचकांचे प्रश्न : ब्रा न घालता, पण निर्धास्त

उन्हाळा सुरू झाला की या सदराकडे ठरावीक विषयाची पत्रं वाढतात. ब्रा नकोशी होते, पण कपड्यांतून स्तनाग्रं दिसतील ही धास्ती सुटत नाही. त्यातले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : मी नागपूरला ऑफिसात काम करते. एप्रिल-मेमध्ये ब्राच्या पट्ट्यांखाली घामोळं येतं, म्हणून घरी ब्रा घालतच नाही. ऑफिसात कुर्त्याखाली काय करावं? चिकटवायची कव्हरं रोज वापरायची इच्छा नाही.

उत्तर : रोजच्यासाठी कव्हरं नकोतच. रोजचं काम कापडावर सोपवावं. स्तनाग्रं दिसण्याची कारणं दोन असतात आणि दोन्हींचा उपाय वेगळा आहे. पहिलं कारण रंग. पातळ, फिक्या कापडातून भोवतालचं गडद वर्तुळ दिसतं. दुसरं कारण उठाव. एसीचा गारवा लागला किंवा कापड घासलं की तिथले बारीक स्नायू आकसतात आणि टोक वर येतं. हे आपोआप होतं, त्यात संकोचण्यासारखं काही नाही.

रंगासाठी आतला थर त्वचेच्या रंगाशी मिळता घ्या. पांढऱ्या कुर्त्याखाली पांढरी समीज हमखास उठून दिसते, हे दुकानात कुणी सांगत नाही. उठावासाठी घट्ट होजिअरी स्लिप फारशी उपयोगी नाही, कारण ती अंगाला चिकटून आकार जसाच्या तसा वर आणते. थोडं ताठ, मागावर विणलेलं सुती कापड हवं. केंब्रिक किंवा टू बाय टू रुबिया चालतं. ते अंगापासून किंचित सुटं राहतं आणि टोकावर ताणलं जात नाही.

वेगळी समीज घातली की खांद्यावर पुन्हा पट्ट्या आल्याच. त्यापेक्षा कुर्त्याच्या फक्त पुढच्या भागाला छातीपुरतं अस्तर लावून घ्या. साधारण मापाच्या कुर्त्याला 60 सेंटिमीटर कापड पुरतं. ते रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा. ही पायरी गाळली तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि कुर्त्याच्या छातीवर चुण्या पडतात. मग कुर्ता उलटा पसरून गळा, खांदा आणि मुंढा यांच्या आकारात अस्तर कापा. शिलाईसाठी दीड सेंटिमीटर आणि रुंदीत आणखी एक सेंटिमीटर सैलपणा ठेवा. अस्तर कुर्त्याइतकंच किंवा त्याहून अरुंद झालं तर ते ओढ घेतं आणि झाकायचं तेच वर येतं. खांदा, मुंढा आणि बाजूच्या शिवणीच्या मार्जिनवर हातशिलाईने टाचा. टाका फक्त मार्जिनमध्येच घेतला की सुलट बाजूला काही दिसत नाही. गळ्याची कड दुमडून आतल्या पट्टीला टाचा. खालची कड स्तनांच्या खाली आठ-दहा सेंटिमीटरवर येऊ द्या आणि मोकळी सोडा. तिथे फक्त इंटरलॉक करा. दुमडून शिवलं तर जाड रेघ बाहेरून दिसते. कोपऱ्यावरचा शिंपीही हे करून देईल, मात्र कापड भिजवून द्यायचं काम तुमचंच.

नवे कुर्ते घेताना छातीवर चुण्या, बारीक प्लेट्स, भरगच्च ठसे किंवा भरतकाम असलेले बघा. रेयॉन आणि क्रेप अंगावर लोंबतात, तेव्हा ते अस्तराशिवाय घेऊ नका. ओढणीवर भिस्त ठेवू नका, दिवसभर ती सावरत बसावी लागते. वरून घालायची बिनबाह्यांची सुती कोटी जास्त भरवशाची.

प्रश्न : सिलिकॉनची निपल कव्हरं घेतली. दोन तासांत घामाने सुटतात, आणि काढल्यावर खाज येते. चूक काय होतेय?

उत्तर : बहुधा लावण्याआधी अंगाला लोशन, तेल किंवा पावडर लावत असाल. यांपैकी काहीही असलं तर गोंद त्वचेला धरतच नाही. आंघोळीनंतर साध्या पाण्याने धुऊन, कोरडं करून, दहा मिनिटं पंख्याखाली बसा आणि मग लावा. जरा पुढे वाकून मधला भाग स्तनाग्रावर टेकवा. मधून कडेकडे हात फिरवत पंधराएक सेकंद दाबून धरा, म्हणजे हाताच्या उबेने गोंद बसतो. आकार असा हवा की गडद वर्तुळाच्या बाहेरही सगळीकडून किमान एक सेंटिमीटर कव्हर येईल. छोटं कव्हर वर्तुळाच्या कडेलाच चिकटतं, लवकर सुटतं आणि त्याची कडही दिसते. कडा कागदासारख्या पातळ असलेली घ्या. मधोमध गोंद नसलेला प्रकार स्तनाग्रांना सोयीचा.

कव्हरं ओढून काढू नका. कडेखाली खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडा, मिनिटभर थांबा आणि त्वचेला समांतर हळूहळू सोडवा. मग सौम्य साबणाने बोटांनी धुवा आणि गोंदाची बाजू वर ठेवून वाळवा. टॉवेलने पुसलं की तंतू चिकटतात आणि कव्हर निकामी होतं. वाळल्यावर मूळची फिल्म परत लावून ठेवा.

खाजेचं म्हणाल तर नवीन कव्हरचा गोंद आधी दंडाच्या आतल्या बाजूला लावून बघावा. लालसरपणा किंवा पुरळ आलं तर ते कव्हर आपलं नव्हे. सहा-आठ तासांपेक्षा जास्त ठेवू नका आणि झोपताना तर नकोच. त्वचा फुटलेली असेल किंवा बाळाला पाजत असाल तर गोंद अजिबात लावू नका. पाजताना दूध झिरपत असेल तर सुती पॅड वापरा आणि ओलं होताच बदला. खाज दोन आठवडे थांबली नाही, एकाच बाजूच्या स्तनाग्रावर खपली धरली, स्राव आला किंवा ते नव्याने आत ओढलं गेलं, तर मलम लावत न बसता डॉक्टरांना दाखवा. क्वचित कर्करोगाची सुरुवात अशा इसबासारख्या दिसणाऱ्या डागाने होते.

घरात हाताशी येणारा सेलोटेप तर नकोच. तातडीचं असेल तर स्तनाग्रावर कापसाची छोटी गोल चकती ठेवून वर औषधाच्या दुकानातला मायक्रोपोर टेप लावा.

प्रश्न : पुतण्याच्या लग्नात मोठ्या गळ्याचा, पाठ उघडी असलेला ब्लाउज घालायचा आहे. ब्राशिवाय कसा शिवून घेऊ?

उत्तर : माप देताना ब्रा घालू नका. सगळा घोळ इथेच होतो. ब्रा काढली की स्तनांचं टोक खाली येतं. ब्रावर घेतलेल्या मापाने टक्स पॉइंट, म्हणजे टक्स जिथे संपतात ती जागा, वर पडतो आणि कप भलतीकडेच बसतात. खांद्यापासून टोकापर्यंत आणि दोन टोकांमधलं अंतर, ही दोन मापं ब्राशिवाय उभं राहून द्या.

आधार खालच्या पट्टीने मिळतो, कपांनी नव्हे. म्हणून पट्टी छातीच्या खाली नीट घट्ट बसू द्या. श्वास घेता येईल, पण दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको. तिथे हूक जवळजवळ लावून घ्या. कटोरी किंवा प्रिन्सेस कट साध्या टक्सच्या ब्लाउजपेक्षा आकार चांगला धरतो. कप कायमचे शिवू नका. अस्तरात खिसा करून घ्या आणि धुताना ते काढून ठेवा, नाहीतर फोम वाकतो आणि पिवळा पडतो. ट्रायलला ब्राशिवायच जा आणि हात वर करून बघा. ब्लाउज वर सरकला तर पट्टी सैल आहे.

प्रश्न : ब्रा न घातल्याने स्तन ओघळतात, असं आई म्हणते. तर मैत्रीण म्हणते, ब्राने कर्करोग होतो.

उत्तर : दोन्ही भीती सोडा. स्तनांचा घट्टपणा वयानुसार, गर्भारपणाने, वजनाच्या चढउताराने आणि धूम्रपानाने कमी होतो. आनुवंशिकताही असतेच. कर्करोगाचं म्हणाल तर अमेरिकेत सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी 2014 मध्ये रजोनिवृत्त स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ब्रा वापरण्याचा आणि स्तनांच्या कर्करोगाचा संबंध आढळला नाही. पळताना, उड्या मारताना मात्र ब्रा घाला. तेव्हा स्तन हलून दुखतात.

प्रश्न : माझे स्तन जड आहेत. ब्रा काढली की खाली घाम साचतो आणि चट्टे पडतात.

उत्तर : त्वचेला त्वचा घासते आणि ओलसरपणा राहतो, म्हणून बुरशी वाढते. घरी असताना स्तनांच्या खाली जुन्या, मऊ सुती कापडाची घडी ठेवा आणि ती ओली झाली की बदला. आंघोळीनंतर तो भाग घासू नका, टिपून कोरडा करा. तिथे टाल्कम पावडर नको. घामात तिचे गोळे होतात आणि जास्त घासतं. चट्टे लाल, ओलसर किंवा वासाचे असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मनाने घेतलेली स्टिरॉइडयुक्त मलमं बुरशी वाढवतात. जड स्तनांना पूर्ण वेळ ब्राशिवाय राहणं जमलंच पाहिजे असं नाही. पाठ दुखत असेल तर बाहेर जाताना रुंद पट्ट्यांची, तारेशिवायची सुती ब्रा आणि घरी आल्यावर मोकळीक, असा मेळ घाला.

प्रश्न : मी पुरुष आहे. हाफ मॅरेथॉनच्या सरावात टी-शर्टवर रक्ताचे डाग पडतात. काय करू?

उत्तर : सुती टी-शर्ट घामाने ओला होतो आणि तासभर स्तनाग्रांवर घासत राहतो. अंगाला बसणारा पॉलिस्टरचा रनिंग टी-शर्ट घ्या. निघण्यापूर्वी पेट्रोलियम जेली लावा. लांब पल्ला असेल तर त्याऐवजी मायक्रोपोर टेप लावा, जेली आणि टेप एकत्र नको. टेप घाम यायच्या आत, कोरड्या त्वचेवर लावा. छातीवर केस असतील तर तेवढा भाग आदल्या दिवशी साफ करून घ्या, त्याच सकाळी नको, नाहीतर ताज्या खरचटलेल्या जागी घाम झोंबेल.