‘इतर हक्कात’ लिहिलेली बहीण

प्रश्न : माझे माहेर करवीर तालुक्यात असून १९९१ मध्ये लग्न होऊन मी कागल तालुक्यात आले. वडील २०१६ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, दोन भाऊ आणि मी आहोत. आजोबांपासून चालत आलेली चार एकर उसाची जमीन आहे. सात-बारावर भाऊ कब्जेदार (जमीनधारक) आहेत आणि आईचे व माझे नाव ‘इतर हक्कात’, म्हणजे कब्जेदारांपासून वेगळ्या रकान्यात, आहे. सोसायटीचे कर्ज वाढवून घेण्यासाठी मी हक्कसोडपत्रावर सही करावी, असा भावांचा आग्रह आहे. ‘तुझे लग्न कायद्याच्या आधीचे, शिवाय लग्नात खर्च केला’ असे ते म्हणतात. हिस्सा मागितला तर माहेर तुटेल, असे नातेवाईक सांगतात. माझ्या सासरी नणंदांनी मुकाट्याने सह्या दिल्या होत्या. मी काय करावे?

उत्तर : ताई, सर्वप्रथम, या घटकेला कोणत्याही कागदावर सही करू नये. नोंदणीकृत हक्कसोडपत्र एकदा झाले की ते कायमचे असते, आणि ‘पुढे तुला बघू’ या तोंडी शब्दाला त्यानंतर न्यायालयात आधार उरत नाही. फसवणूक किंवा दबाव सिद्ध करून दस्त रद्द करून घेता येतो. पण त्यासाठी ती गोष्ट कळल्यापासून तीनच वर्षांची मुदत असते, आणि सख्ख्या भावाने दबाव आणला हे साक्षीपुराव्याने शाबीत करणे किती अवघड असते ते वकिलीत रोज दिसते.

लग्नाच्या तारखेचा मुद्दा भावांनी अगदीच हवेतून काढलेला नाही. महाराष्ट्राने हिंदू उत्तराधिकार अधिनियमात दुरुस्ती करून २२ जून १९९४ पासून मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाच्या बरोबरीने सहदायक, म्हणजे जन्मापासून हिस्सेदार, केले, परंतु त्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले होते. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीत ही अट राहिली नाही. पुढे ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा हक्क जन्मानेच मिळतो आणि त्यासाठी वडील २००५ मध्ये हयात असण्याचीही गरज नाही, असा निर्णय दिला. आपले वडील तर २०१६ पर्यंत हयात होते. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने वाटप झाले असेल तरच निराळा विचार करावा लागेल. ‘तोंडी वाटप तेव्हाच झाले होते’ हा बचाव केवळ अपवादाने, तोही भक्कम सरकारी कागदपत्रांवरच टिकतो.

हिशेब करायचा तर आई, दोन भाऊ आणि आपण यांचा प्रत्येकी चौथा हिस्सा होतो, म्हणजे चार एकरांत आपले चाळीस गुंठे. मृत्युपत्र नसल्यामुळे जमीन वडिलोपार्जित धरली काय किंवा वडिलांची स्वकष्टार्जित धरली काय, आपल्या बाबतीत उत्तर हेच येते. लग्नाचा खर्च हिश्शातून वजा करण्याची तरतूद वारसा कायद्यात कोठेही नाही. आणि त्या खर्चात हुंडा असेल, तर तो देणे-घेणे १९६१ पासून गुन्हा आहे, हे भावांनी बोलण्यापूर्वी लक्षात घेतलेले बरे.

‘इतर हक्कातील’ नोंदीने आपली मालकी कमी होत नाही, कारण महसुली नोंद मालकी निर्माण करत नाही. तरीही या नोंदीकडे क्षुल्लक म्हणून पाहू नये. आपल्या जिल्ह्यात विकास सेवा सोसायटीचे सभासदत्व, पीककर्ज आणि साखर कारखान्याचे भागभांडवल ही सगळी साखळी सात-बारावरील नावाला जोडलेली असते. मुलीचे नाव दुसऱ्या रकान्यात गेले की ती कर्जदार होत नाही, सभासद होत नाही आणि संस्थेच्या निवडणुकीत मतदारही होत नाही. कोणी जाहीरपणे ‘बायकांना मज्जाव’ असे म्हणत नाही. फेरफार (सात-बारावरील हक्कबदलाची नोंद) लिहिणारा हात, हक्कसोडाचा छापील मसुदा आणि कर्जाचा अर्ज एवढ्यानेच तो मज्जाव पार पडतो. कायदा समान असूनही समानता कोठे अडते, असे विचारणाऱ्याला मी गाव नमुना सहा, म्हणजे गावची फेरफार नोंदवही, वाचायला सांगेन.

रूढी बदलत नाहीत, हेही खरे नव्हे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये याच कोल्हापूर संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही त्याचा कित्ता गिरवण्यास सांगितले. बहिणींच्या हक्कसोडाविषयी असा ठराव माझ्या तरी पाहण्यात नाही. कदाचित तेथे प्रश्न जमिनीचा असतो म्हणून.

आता नणंदांविषयी. हा उल्लेख आपण आपणहून केलात, म्हणून स्पष्ट लिहितो. ज्या कायद्याने आपल्याला चाळीस गुंठे मिळतात, तोच कायदा त्यांनाही लागू होता. त्यांनी समजून-उमजून सह्या दिल्या असतील तर तो विषय संपला. मात्र माहेरी आपण हक्क सांगितला की सासरी त्या सह्यांची चर्चा निघणारच, हे गृहीत धरून घरात आधीच बोलून ठेवावे.

भांडणाशिवाय मार्ग निघू शकतो. कर्जाचीच अडचण असेल तर पीककर्जापुरते, रकमेची मर्यादा लिहिलेले संमतीपत्र देण्याची तयारी दाखवावी. इकराराचा (जमीन कर्जाला तारण असल्याच्या लेखी कबुलीचा) बोजा आपल्या हिश्शावरही चढेल, हे मात्र ध्यानात ठेवावे. सर्वांची संमती असल्यास जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून घेता येते, आणि हिस्सा आपल्या नावावर ठेवून कसण्यासाठी लेखी कराराने भावांकडे देता येतो. हिश्शाचा काही भाग सोडायचा असेल तर तेवढ्याच गुंठ्यांचे हक्कसोडपत्र होऊ शकते. आईचा चौथा हिस्सा तिच्या पूर्ण मालकीचा आहे. भाऊ तिच्याकडूनही सही घेतील, म्हणून तिलाही हे वाचून दाखवावे.

भाऊ ऐकत नसतील तर वाटपाचा दिवाणी दावा लावावा लागेल. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून डावलल्याचे कळल्यापासून त्याची मुदत बारा वर्षे असते. ती २०१६ च्या फेरफारापासून मोजली जाण्याचा धोका धरला, तर २०२८ ओलांडू देऊ नये. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, आणि ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच असल्याने वरच्या अपिलासाठी मुंबईच्या खेपांची धास्तीही नको. सल्ल्यासाठी येताना चालू सात-बारा, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा), वारसाच्या फेरफाराची प्रत आणि आजोबांच्या नावाचा जुना उतारा आणावा. वडिलांचा मृत्यूदाखला भावांकडे असला तरी ग्रामपंचायतीकडून आपल्यालाही स्वतंत्र प्रत मिळते.